बिअरच्या कॅनवर उभी भाजलेली कोंबडी: कोळशाच्या केटल ग्रिलवरील सविस्तर कृती

अख्खी कोंबडी भाजायला घेतली की एक जुनी अडचण समोर उभी राहते. छातीचे मांस पांढरे, कमी चरबीचे आणि नाजूक असते; ते ७५ अंश सेल्सिअसच्या फार पुढे गेले की रस गमावून कोरडे पडते. मांडी आणि तंगडी यांच्या मांसात मात्र चिवट ऊती अधिक असतात, आणि त्यांतील कोलॅजेन विरघळून मांस मऊ व्हायचे, तर ८० अंशांच्या आसपास पोहोचावे लागते. म्हणजे एकाच पक्ष्याच्या दोन भागांना दोन वेगळी तापमाने हवी असतात. त्यातच कोंबडी आडवी ठेवली, तर तिची खालची बाजू ओघळलेल्या रसात भिजत राहते आणि तिथली कातडी काही केल्या खरपूस होत नाही. अर्धा भरलेला बिअरचा कॅन पोटाच्या पोकळीत सरकवून कोंबडी उभी करण्याची जी पद्धत अमेरिकेत रुजली, ती या दोन्ही अडचणींवर एकदम उपाय करते, आणि कोळशाच्या केटल ग्रिलवर ती फार चांगली साधते.

केटल ग्रिलचे महत्त्व त्याच्या झाकणात आहे. १९५२ साली शिकागो परिसरातील वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यात काम करणारे जॉर्ज स्टीफन उघड्या शेगडीवरच्या वाऱ्याला आणि धुराला कंटाळले होते. पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांसाठी कारखान्यात धातूचे अर्धगोल तयार होत असत; तसाच एक अर्धगोल खाली आणि दुसरा झाकण म्हणून वर, अशी गोल शेगडी त्यांनी बनवली. हे घुमटाकार झाकण बसले की शेगडीची भट्टी होते. उष्ण हवा झाकणाखाली फिरत राहते आणि उभ्या पक्ष्याला चहूबाजूंनी सारखी लागते. उघड्या जाळीवर हा पदार्थ होतच नाही. खालचा भाग करपतो आणि वरचा कच्चा राहतो.

बिअर नेमके काय करते

या पदार्थाविषयी सर्वाधिक गैरसमज बिअरबद्दल आहे, म्हणून कृतीकडे वळण्यापूर्वी तो दूर करणे मला आवश्यक वाटते. कॅनमधली बिअर उकळते, तिची वाफ आतून मांसात मुरते आणि त्यामुळे कोंबडी रसाळ होते, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात कॅनचा बराचसा भाग कोंबडीच्या पोटात झाकलेला असतो, आणि मांस ७४ अंशांना पोहोचले की कोंबडी उतरवायची वेळ येते. आजूबाजूचे मांसच इतक्या तापमानाला असताना त्याच्या आड बसलेले द्रव उकळत्या बिंदूपर्यंत पोहोचणे कठीण असते. म्हणूनच भाजून झाल्यावर कॅन पाहिला, तर त्यातली बिअर जवळजवळ होती तेवढीच दिसते. उलट ओघळलेल्या रसाने आणि चरबीने ती थोडी वाढलेलीही असू शकते. बिअरमध्ये लसूण, लिंबू किंवा सुगंधी पाने घालण्याने मांसाला चव येत नाही, त्याचेही कारण हेच.

मग कॅन कशासाठी? तो आधार म्हणून हवा, आणि तो अर्धा भरलेला असावा तो तोल सांभाळण्यासाठी. रिकामा कॅन हलका असल्याने दीड-दोन किलोच्या कोंबडीखाली सहज कलंडतो. तळाशी द्रव असले की वजन खाली राहते. बिअर कोणतीही चालते, महागडी घेण्याचे कारण नाही, आणि मद्य नको असेल तर तेवढेच साधे पाणी तितकेच उपयोगी पडते. कॅन मात्र थंडगार नसावा. थंड द्रव पोटाच्या आतली बाजू बराच वेळ गार ठेवते आणि मांस आतून शिजायला उशीर होतो, म्हणून तो निदान तासभर आधी बाहेर काढून ठेवावा.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. ॲल्युमिनियमच्या कॅनला आतून प्लास्टिकसदृश पातळ लेप असतो आणि बाहेरून शाईची छपाई असते. हा कॅन पेय साठवण्यासाठी बनवलेला आहे, त्यात अन्न शिजवण्यासाठी नव्हे. ज्यांना याची काळजी वाटते त्यांनी कोंबडी उभी करण्यासाठी मिळणारा स्टेनलेस स्टीलचा स्टँड घ्यावा. माझी पसंतीही त्यालाच आहे, कारण त्याचा तळ रुंद असतो आणि कोंबडी कलंडण्याची भीती राहत नाही. पुढची सर्व कृती दोन्हींना सारखीच लागू आहे.

कोंबडी आणि मीठ

कोंबडी १.६ ते २ किलोची घ्यावी. त्याहून मोठी कोंबडी झाकणाला टेकू शकते आणि तिचे आतले मांस शिजेपर्यंत बाहेरचे वाळते. ५७ सेंटीमीटर व्यासाच्या ग्रिलमध्ये या वजनाची कोंबडी सामावते. त्याहून लहान ग्रिल असेल तर निखारे पेटवण्याआधी, थंड शेगडीवर, कोंबडी कॅनवर उभी करून झाकण बसते का हे अवश्य पाहावे. पेटलेल्या निखाऱ्यांवर हा शोध लागला तर करण्यासारखे फारसे काही उरत नाही.

कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नये. धुण्याने जंतू जात नाहीत. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टरसारखे जंतू उडणाऱ्या तुषारांबरोबर ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर पसरतात. पोटात असलेले काळीज-पेटा काढून घ्यावे, पोकळीच्या तोंडाशी असलेले चरबीचे गोळे कापून टाकावेत आणि कागदी रुमालाने आतून-बाहेरून कोंबडी पूर्ण कोरडी टिपून घ्यावी.

मीठ लावणे ही या कृतीतली माझ्या मते सर्वांत मोलाची पायरी आहे, आणि नेमकी तीच घाईत वगळली जाते. १.८ किलोच्या कोंबडीला सुमारे २० ग्रॅम मीठ पुरते. ते बाहेरून सगळीकडे, थोडे पोकळीत, आणि कातडीखाली बोटे घालून ती हलकेच सैल केल्यावर छातीच्या मांसावर थेट चोळावे. नंतर कोंबडी ताटलीत ठेवून, न झाकता, रेफ्रिजरेटरच्या खालच्या कप्प्यात किमान ८ तास आणि शक्य असेल तर पूर्ण २४ तास ठेवावी. सुरुवातीला मीठ मांसातले पाणी बाहेर ओढते, त्या पाण्यात विरघळते आणि मग ते खारे पाणी हळूहळू पुन्हा मांसात शिरते. मिठामुळे प्रथिनांची घडण थोडी सैल होते आणि भाजताना ती अधिक पाणी धरून ठेवतात. त्याच वेळी रेफ्रिजरेटरच्या कोरड्या हवेने कातडी कागदासारखी सुकते. ओली कातडी आधी वाळण्यात उष्णता खर्च करते आणि तोवर मऊच राहते. सुकलेली कातडी मात्र लगेच तांबूस होऊ लागते. मिठात एक छोटा चमचा बेकिंग पावडर मिसळली तर कातडी आणखी कुरकुरीत होते, पण तिच्याजागी खाण्याचा सोडा वापरू नये, त्याची चव राहते.

मसाला भाजण्याच्या दिवशी लावावा. मिरपूड, गोड पाप्रिका, लसणाची पूड आणि सुकवलेले थाइम एवढे पुरेसे असते. त्यात मीठ पुन्हा घालू नये. साखर घालायचीच असेल तर एका छोट्या चमच्याहून जास्त नको, कारण तासाभराच्या आचेत ती काळी पडून कडवट होते. मसाल्याआधी तेलाचा अगदी पातळ हात फिरवला की मसाला धरून राहतो.

आच

या पदार्थासाठी आच कोंबडीच्या खाली नसते. ती दोन्ही बाजूंना असते. यालाच अप्रत्यक्ष आच म्हणतात. कोळशाचे दोन प्रकार मिळतात: लाकडाचे ओबडधोबड तुकडे आणि दाबून बनवलेले सारख्या आकाराचे ब्रिकेट. ओबडधोबड कोळसा लवकर पेटतो आणि प्रखर तापतो, पण त्याची आच चढ-उतार करते. तास-सव्वा तास एकसारखी आच हवी असल्याने इथे ब्रिकेटच सोयीचे.

५७ सेंटीमीटरच्या ग्रिलला साधारण ५० ब्रिकेट लागतात. ते चिमणी स्टार्टरमध्ये, म्हणजे खालून कागद पेटवायच्या उंच धातूच्या नळकांड्यात भरावेत आणि खाली वर्तमानपत्राचे दोन चुरगळलेले कागद ठेवून पेटवावेत. पेट घेण्यासाठी रॉकेल किंवा तत्सम द्रव ओतू नये. बंद झाकणाखाली त्याचा वास मांसाला लागतो. १५ ते २० मिनिटांत वरच्या ब्रिकेटच्या कडांवर राखाडी थर दिसू लागला की निखारे तयार झाले असे समजावे. मग ते दोन सारखे भाग करून ग्रिलच्या उजव्या आणि डाव्या कडेला रचावेत. मधल्या मोकळ्या जागेत ॲल्युमिनियमचा उथळ ट्रे ठेवून त्यात कपभर पाणी घालावे. ओघळणारी चरबी त्यात पडते, भडका उडत नाही आणि चरबी जळून निघणारा काळा धूर टळतो.

वर जाळी बसवून झाकण लावावे, खालची आणि वरची अशा दोन्ही झडपा पूर्ण उघड्या ठेवाव्यात आणि १० मिनिटे ग्रिल तापू द्यावे. आपल्याला १७५ ते १९० अंश हवे आहेत. झाकणावरचा तापमापक वरच्या हवेचे तापमान दाखवतो आणि ते जाळीजवळच्या तापमानापेक्षा वेगळे असू शकते, म्हणून जाळीवर ठेवण्याचा तापमापक असेल तर त्याच्यावर भरवसा ठेवावा. आच कमी-जास्त करायची ती खालच्या झडपेने. वरची झडप निदान अर्धी तरी कायम उघडी असावी. ती बंद केली तर धूर आत कोंडतो आणि कातडीवर कडू थर बसतो. खालची झडप थोडीशीच फिरवावी आणि परिणाम दिसायला दहा मिनिटे द्यावीत. कोळशाची आच उशिरा प्रतिसाद देते. दर दोन मिनिटांनी झडप हलवणाऱ्याच्या हाती ती कधीच येत नाही.

धुराचा वास हवा असेल तर सफरचंदाच्या किंवा चेरीच्या लाकडाचा मुठीएवढा एकच तुकडा निखाऱ्यांवर ठेवावा. तो भिजवण्याची गरज नसते. भिजवलेल्या लाकडातून आधी नुसती वाफ निघते. सुरुवातीचा दाट पांढरा धूर ओसरून तो विरळ आणि किंचित निळसर झाला की मगच कोंबडी आत ठेवावी. कोंबडीची कातडी धूर पटकन धरते, त्यामुळे दुसरा तुकडा टाकण्याचा मोह टाळावा.

कोंबडी उभी करणे

कॅन उघडून अर्धी बिअर काढून घ्यावी. न उघडलेला कॅन निखाऱ्यांजवळ कधीही ठेवू नये; आतला दाब वाढून तो फुटतो. कॅनला बाहेरून तेलाचा हात लावला तर नंतर तो सहज सुटतो. ताटलीवर कॅन ठेवून कोंबडीची पोकळी त्यावर सावकाश उतरवावी आणि तंगड्या पुढे ओढून घ्याव्यात, म्हणजे दोन तंगड्या आणि कॅनचा तळ मिळून तिवई तयार होते. पंखांची टोके मानेमागे खोचावीत, नाहीतर ती आधी करपतात. मानेकडचे भोक कांद्याच्या किंवा बटाट्याच्या तुकड्याने बंद करण्याची प्रथा वाफ अडवण्यासाठी आहे. वर सांगितल्याप्रमाणे वाफच फारशी नसते, तेव्हा ते केले नाही तरी बिघडत नाही.

ताटलीसकट ग्रिलपर्यंत नेऊन कोंबडी जाळीच्या मधोमध, ट्रेच्या बरोबर वर ठेवावी. तिचे तोंड कोणत्या दिशेला आहे, याला महत्त्व आहे. उजवी मांडी उजव्या निखाऱ्यांकडे आणि डावी मांडी डाव्या निखाऱ्यांकडे असावी; छाती आणि पाठ निखारे नसलेल्या बाजूंना असाव्यात. अशा रीतीने ज्या भागाला अधिक उष्णता हवी, तोच भाग निखाऱ्यांची थेट धग घेतो आणि नाजूक छाती केवळ फिरत्या हवेने भाजली जाते. सुरुवातीला जी अडचण मांडली, तिचे उत्तर या एका मांडणीत आहे. जाळी हलकेच हलवून कोंबडी स्थिर आहे याची खात्री करून घ्यावी. एकदा ही खात्री न करता मी झाकण लावले आणि अर्ध्या तासाने कोंबडी निखाऱ्यांवर आडवी पडलेली सापडली. तिची एक बाजू पूर्ण वाया गेली होती.

पहिली ४० मिनिटे झाकण उघडू नये. प्रत्येक वेळी साठलेली उष्ण हवा निघून जाते आणि ताजी हवा मिळून निखारे भडकतात. ४० मिनिटांनी एकदा पाहावे. एक बाजू जास्त गडद होत असेल तर कोंबडी अर्धा फेरा फिरवावी, म्हणजे मांड्या निखाऱ्यांकडेच राहतात. तापमान १६५ अंशांखाली घसरू लागले असेल तर दोन्ही बाजूंना आठ-आठ ब्रिकेट घालावेत. रस किंवा सॉस वरचेवर फासत बसू नये. कातडी ओली होते आणि आदल्या दिवसाची मेहनत फुकट जाते. सॉस लावायचाच असेल तर शेवटच्या दहा मिनिटांत.

शिजली हे कसे ओळखावे

१.८ किलोच्या कोंबडीला सुमारे सव्वा तास लागतो, परंतु वारा, हवेतला गारवा आणि कोळशाची जात यांमुळे हा वेळ १५ मिनिटांनी सहज मागेपुढे होतो. घड्याळाकडे पाहून कोंबडी उतरवू नये. मांसात खुपसायचा डिजिटल तापमापक हे या कामातले एकमेव विश्वासाचे साधन आहे. कोंबडीवर्गीय मांस आतून ७४ अंश सेल्सिअसला पोहोचले पाहिजे, असा अमेरिकेच्या कृषी खात्याचा दंडक आहे. छाती त्या अंकाला पोहोचावी आणि मांडी ८० ते ८२ अंशांना, हे उत्तम.

तापमापकाचे टोक मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकता जावे. छातीच्या बाबतीत मात्र इथे एक खास काळजी घ्यावी लागते. एरवी पोकळी मोकळी असते आणि उष्ण हवा आतूनही मांस भाजते; इथे कॅनने ती वाट अडवलेली असते, म्हणून छातीचा पोटाकडचा आतला थर सर्वांत शेवटी शिजतो. टोक तिथवर खोल नेऊन, दोन्ही बाजूंना दोन-तीन ठिकाणी पाहावे आणि त्यातला सर्वांत कमी आकडा खरा मानावा. टोचल्यावर स्वच्छ रस निघाला म्हणजे मांस शिजले, ही समजूत सोडून द्यावी. लहान वयाच्या कोंबडीत पूर्ण शिजल्यावरही हाडाजवळ गुलाबी रंग राहू शकतो, आणि याउलट रस स्वच्छ दिसत असताना आतला थर कच्चा असू शकतो.

छाती तयार आणि मांडी मागे, असे झाले तर कोंबडी उतरवून मांड्या वेगळ्या कराव्यात आणि त्या तेवढ्या निखाऱ्यांच्या जवळ ठेवून पुढे भाजाव्यात. यात काही कमीपणा नाही. सगळी कोंबडी तशीच ठेवून छाती वाळवण्यापेक्षा हे केव्हाही चांगले.

उतरवणे आणि कापणे

उतरवताना खरा धोका असतो, कारण कॅनमधले द्रव तापलेले आणि वर चरबी तरंगत असलेले असते. दोघांनी मिळून हे काम करावे. उष्णतारोधक हातमोजे घालून एकाने लांब चिमट्याने कॅनचा तळ धरावा आणि दुसऱ्या हाताने कोंबडी वरून सावरावी. दुसऱ्याने ट्रे अगदी जवळ धरावा. कोंबडी उभीच ठेवून १० ते १५ मिनिटे थांबावे. या वेळात आतले तापमान आणखी दोन-तीन अंश चढते, मग स्थिरावते, आणि कापताना रस कमी सांडतो. वर फॉइल गच्च गुंडाळू नये, वाफेने कातडी मऊ पडते.

नंतर एकाने चिमट्याने कॅन घट्ट धरून ठेवावा आणि दुसऱ्याने कोंबडी सरळ वर उचलावी. ती सुटत नसेल तर ओढाताण न करता, कॅन आतच ठेवून मांड्या आणि छाती बाजूने कापून घ्यावी. कॅनमधल्या द्रवात कच्च्या मांसाचा रस ठिबकलेला असतो, आणि ते पुरेसे तापलेले असेलच असे नाही. त्याचा सॉस करू नये, ते टाकून द्यावे. मांड्या सांध्यात कापाव्यात, छाती हाडापासून सोडवून तिचे धाग्यांना आडवे काप करावेत.

शेगडीकडे परत जाण्यापूर्वी एक कडक सूचना. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला वास नसतो, रंग नसतो आणि बंद जागेत तो प्राण घेतो. त्यामुळे ग्रिल नेहमी उघड्यावर, सपाट जमिनीवर आणि भिंतीपासून दूर असावे, आणि पावसाच्या भीतीने ते गॅरेजमध्ये किंवा बंदिस्त गॅलरीत नेऊ नये, विझत आलेले असतानाही.

कोंबडी उतरवल्यावर दोन्ही झडपा पूर्ण बंद कराव्यात. हवा तुटली की उरलेले निखारे विझतात आणि ते ब्रिकेट पुढच्या वेळी नव्यांमध्ये मिसळून वापरता येतात. राख मात्र वरून गार वाटली तरी आत बराच वेळ धग धरून असते. ती ४८ तास तशीच राहू द्यावी आणि मग झाकणाच्या धातूच्या डब्यात काढावी.